देवाचे रान

उन्हाळ्याच्या दिवसांत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरून किंवा कोकणातून जाणाऱ्या वाटसरूस जागोजाग उघडेबोडके डोंगर दिसतात. परंतु मधूनच एखाद्या गावाच्या कडेला दाट, हिरवी झाडी दृष्टीस पडते. भोवतालचे गवत करपून गेलेले असते. झाडीत मात्र उन्हाचा कवडसाही जमिनीवर कष्टाने पोहोचतो. ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा यांसारखे जुने वृक्ष तेथे उभे असतात आणि गारंबीचा अजस्र वेल त्यांना वेढून असतो. हीच त्या गावाची देवराई. काही भागांत तिला देवरहाटी असेही म्हणतात.

देवराई म्हणजे ग्रामदेवतेला वाहिलेले रान. तेथील झाडाला कुऱ्हाड लावावयाची नाही, आणि कित्येक गावांत तर वाळलेली काटकीही घरी न्यावयाची नाही, असा पूर्वजांचा दंडक होता. त्यासाठी पहारेकरी नेमावा लागला नाही. ‘हे देवाचे आहे, आपले नव्हे,’ या एका भावनेने पिढ्यान् पिढ्या ते रान राखले.

आता शास्त्र काय सांगते ते पाहावे. सह्याद्रीवरील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. उघड्या उतारावरून तो माती घेऊन धावतो आणि वाहून जातो. देवराईत मात्र पानांचे छत त्याचा मारा झेलते, खालचा पालापाचोळा त्याचा वेग रोखतो आणि मुळांनी सैल केलेल्या भूमीत तो मुरतो. हेच मुरलेले पाणी पुढे झऱ्यांच्या रूपाने सावकाश बाहेर येते. अनेक देवरायांत झरा किंवा कुंड आढळते, ते उगाच नव्हे.

१९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या पुण्यातील शास्त्रज्ञांनी देवरायांचा अभ्यास केला. श्रीवर्धनजवळच्या गाणी या गावी काळकाई देवीची सुमारे १० हेक्टरांची राई होती. ती तोडण्याचे ठरले, तेव्हा ग्रामस्थांनी ती वाचविण्यासाठी साहाय्य मागितले. देवीवर त्यांची श्रद्धा होतीच. पण राई गेली तर ओढाही आटेल, हेही त्यांनी ओळखले होते. शास्त्रज्ञ जे मोजून सांगतात, ते त्या ग्रामस्थांना अनुभवाने कळले होते.

मग देवीच्या कोपाचे भय मुलांच्या मनात पुन्हा भरावे काय? मुळीच नाही. भयावर उभारलेले रक्षण भय सरताच ढासळते. आणि श्रद्धा डोळस नसेल, तर तीही घात करते. देवीचे मंदिर मोठे व्हावे म्हणून काही ठिकाणी देवीचेच रान तोडण्यात आले आहे. देऊळ वाढले आणि देवराई आटली, तर ती भक्ती कसली?

परंतु नुसत्या ज्ञानानेही भागत नाही. झाडाचे उपयोग तोंडपाठ असलेला मनुष्यही चार पैशांसाठी ते विकून टाकतो. झाड तोडल्याने काय होईल, हे शास्त्र सांगते. तोडण्यास उचललेला हात आवरण्याचे बळ मात्र संयमातून येते. जगातील प्रत्येक वस्तू आपल्या उपभोगासाठी नाही, हे जाणणे हाच देवराईमागील खरा अध्यात्मविचार होय. शास्त्र त्याला दृष्टी देते आणि तो शास्त्राला मर्यादा शिकवितो. पृथ्वीच्या रक्षणास दोहोंची गरज आहे.

ज्या गावात देवराई आहे, तेथील मुलांनी वडीलधाऱ्यांकडून तिच्यातील वृक्षांची नावे जाणून घ्यावीत आणि तिचा झरा दर वर्षी कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, याची वहीत नोंद ठेवावी. जेथे देवराई नाही, तेथे एखादे जुने झाड असेलच. त्याच्या बाबतीतही हाच नियम पाळता येईल. पूर्वजांनी श्रद्धेने राखलेले धन जाणत्या मनाने राखणे, हे आता नव्या पिढीचे कर्तव्य आहे.