कोची : माणसं थोडी, दिवस पुरा

महाराष्ट्रातून केरळला जाणाऱ्या सहलींचे कार्यक्रम वाचले की एक ठराविक साचा दिसतो. मुन्नारला दोन रात्री, ठेकडीला एक, अलेप्पीला हाउसबोट आणि कोचीला अर्धा दिवस. तो अर्धा दिवसही विमानाच्या वेळेतून उरेल तेवढाच. बस फोर्ट कोचीत थांबते, चाळीस माणसं उतरतात, मासेमारीच्या चिनी जाळ्यांसमोर फोटो होतात, सेंट फ्रान्सिस चर्चमधली वास्को द गामाची कबर बघून होते, मट्टनचेरीत मसाले घेतले जातात आणि बस विमानतळाचा रस्ता धरते. सगळे पॉइंट झाले, असं टूर मॅनेजर सांगतो आणि कुणाची तक्रार नसते.

माझी आहे. कोची बघायची तर आठ-दहा जणांच्या गटाने, तिथल्याच एखाद्या जाणत्या गाइडबरोबर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आणि बरीचशी पायी बघावी, असं माझं ठाम मत आहे. हे बोलून दाखवलं की चारी बाजूंनी आक्षेप येतात. त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत, तेव्हा त्यांना उत्तर द्यायलाच हवं.

पहिला आक्षेप मोबाइलचा. गाइड जे सांगणार ते हातातल्या फोनवर फुकट मिळतं, मग त्याला पैसे का द्यायचे? माहिती मिळते हे खरंच आहे. पोर्तुगीजांनी 1503 मध्ये सेंट फ्रान्सिसच्या जागी लाकडी चर्च बांधलं, 1516 मध्ये ते दगडी झालं, 1524 मध्ये गामा कोचीत मरण पावला आणि इथे पुरला गेला, 1539 मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, हे सगळं दोन मिनिटांत सापडतं. पण सापडण्यासाठी आधी विचारावं लागतं, आणि काय विचारायचं हे नव्या माणसाला ठाऊक नसतं. तो कबरीच्या कठड्याशी जातो, फोटो काढतो आणि बाहेर येतो. डोक्यावर लांबच लांब कापडी पंखे टांगलेले असतात, त्यांच्या दोऱ्या भिंतीपलीकडे गेलेल्या असतात, तिकडे त्याची नजर जात नाही. गाइड वर बघायला लावतो. आत प्रार्थना चालू असताना बाहेर उन्हात बसून या दोऱ्या कोण ओढत असेल, असा प्रश्न मग आपोआप पडतो. शिवाय याच भिंतींमध्ये आधी कॅथलिक पोर्तुगीजांनी, 1663 नंतर प्रॉटेस्टंट डचांनी, पुढे अँग्लिकन इंग्रजांनी प्रार्थना केली आणि आज हे चर्च ऑफ साउथ इंडियाचं आहे. भारताच्या किनाऱ्यावरची युरोपीय सत्तांची अदलाबदल एका छपराखाली उभं राहून समजते. फोनवर ही माहिती तुकड्या-तुकड्यांनी असते. ते तुकडे जोडायला त्या जागेवर उभा असलेला जाणता माणूसच लागतो.

यावर दुसरा आक्षेप लगेच येतो, आणि तो पहिल्यापेक्षा सरस आहे. गाइड थापा मारतात! मारतात, यात शंका नाही. चिनी जाळ्यांचीच गोष्ट घ्या. कुब्लाई खानाच्या दरबारातून किंवा चिनी दर्यावर्दी झेंग ह याच्या ताफ्याबरोबर ती आली, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. अभ्यासकांत मात्र यावर एकमत नाही; पोर्तुगीजांनी ती मकाऊहून आणली असावीत, असाही एक पक्ष आहे. पण थाप खपते कुठे? चाळीस जणांच्या गर्दीत, माइकवरून बोलणाऱ्या गाइडसमोर. मागच्या माणसाला धड ऐकू येत नाही, पुढच्याला बसची घाई असते, उलट प्रश्न विचारणारा बाकीच्यांचा वेळ खातो असं सगळ्यांना वाटतं. आठ जणांच्या गटात कुणीतरी ‘कशावरून?’ असं विचारतोच. तिथे गाइडला उत्तर द्यावं लागतं, नाहीतर दोन मतं आहेत हे कबूल करावं लागतं. मी हे होताना पाहिलं आहे. प्रश्न आल्यावर तो गाइड एक क्षण थांबला, पाठ केलेली गोष्ट त्याने बाजूला ठेवली आणि मग जे बोलला ते आधीच्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा मोलाचं होतं. गट लहान हवा असं मी म्हणतो ते याचसाठी. लहान गटात प्रश्न विचारता येतो, आणि प्रश्न विचारता आल्याशिवाय परकं शहर कळत नाही.

त्याच जाळ्यांपाशी अर्धा तास थांबून बघा. लाकडाचा प्रचंड सांगाडा, एका टोकाला पाण्यावर पसरलेलं जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना टांगलेले मोठे दगड. एक माणूस मुख्य वाशावरून पाण्याच्या दिशेने चालत जातो आणि त्याच्या वजनाने सगळा डोलारा झुकून जाळं पाण्यात जातं. थोड्या वेळाने बाकीचे चार-पाच जण दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं वर उचललं जातं. तराजूचं हे गणित डोळ्यांनी समजतं. पण या जाळ्याचा मालक कोण, मासळीत कुणाचा किती वाटा, काही जाळ्यांना लाकडाऐवजी लोखंडी पाइप का लागले, पावसाळ्यात खाडीतून वाहत येणारी जलपर्णी जाळ्यात अडकली की काय करतात, हे मच्छीमारालाच विचारावं लागतं. तो मल्याळम बोलतो. गाइड इथे दुभाषी होतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ओळखीचा माणूस होतो. दोर ओढून बघण्याचे पैसे मागितले जातात, ते किती द्यावेत हेही तो आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतरची कटकट टळते.

तिसरा आक्षेप वाचन असणाऱ्या, स्वतंत्र वृत्तीच्या प्रवाशांचा असतो. ते म्हणतात, एकट्याने भटकण्यातच खरा प्रवास आहे. गाइडमागे चालणं ही शाळेची सहल झाली. या मंडळींबद्दल मला आदर आहे, तरी त्यांचं म्हणणं मला पटत नाही. फोर्ट कोचीत एकटा भटकणारा माणूस कुठे पोचतो ते पाहा. प्रिन्सेस स्ट्रीट, बर्गर स्ट्रीट, एखादा सुरेख कॅफे, भिंतींवरची रंगवलेली चित्रं. सगळं छान, पण सगळं रस्त्यावरचं. दारं बंदच राहतात. वेली नावाच्या भागातल्या मैदानाजवळ धोबीखाना आहे. तिथे वण्णान समाजाची तमिळ कुटुंबं कपडे धुतात. डचांच्या काळात सैनिकांच्या कपड्यांसाठी त्यांच्या पूर्वजांना इथे आणलं, असं सांगतात. प्रत्येकाची धुण्याची जागा वेगळी आहे. वाळवण्याच्या दोरीला चिमटा नसतो. दोन दोर एकमेकांत पिळलेले असतात आणि कपड्याचं टोक त्या पिळात खोचतात. एकटा माणूस इथे शिरतो तेव्हा आपण कुणाच्या तरी कामात लुडबूड करतोय असं वाटून तो पाच मिनिटांत मागे फिरतो, आणि ते योग्यच आहे. ओळखीच्या माणसाबरोबर गेलं की दोन शब्द बोलणं होतं. भटकायला दुसरा दिवस ठेवावा. एकदा धागे हाती आले की त्या भटकण्यालाही अर्थ येतो.

आणि काही गोष्टी अशा असतात की कितीही भटकलं तरी पायाखाली येत नाहीत. मराठी वाचकांसाठी मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मट्टनचेरीत चेर्लाई नावाचा भाग आहे. तिथे तिरुमला देवस्वम हे गौड सारस्वतांचं मोठं देऊळ आहे. सोळाव्या शतकात गोव्यातल्या पोर्तुगीज अमलाच्या जाचातून निघालेली कुटुंबं कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली, आणि त्याच कोचीत पोर्तुगीजांचा किल्लाही होता. त्यांचे वंशज आजही तिथे कोकणी बोलतात. याच समाजातल्या रंग भट, विनायक पंडित आणि अप्पु भट या तिघा वैद्यांनी मलबारच्या डच कमांडरला, हेंड्रिक व्हान ऱ्हेडला, वनस्पतींची माहिती पुरवली. एळवा समाजातले वैद्य इट्टी अच्युतन यांचा वाटाही मोठा. त्यातून ‘हॉर्टस मलबारिकस’ हा 12 खंडांचा ग्रंथ उभा राहिला. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तो 1678 ते 1693 या काळात छापला गेला. पहिल्या खंडात या तीन वैद्यांचं निवेदन कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत छापलेलं आहे. युरोपात छापलेल्या लॅटिन ग्रंथात 1678 साली आपली अक्षरं!

बसमधून उतरलेल्या किती मराठी पर्यटकांना हे कुणी सांगितलं आहे? बस चेर्लाईला जात नाही. तिथे पार्किंग नाही, दुकानातून कमिशन नाही आणि छापील यादीत पॉइंट म्हणून नाव नाही. आपण महाराष्ट्रातले आहोत हे कळल्यावर वाट थोडी वाकडी करून तिथे नेणारा गाइड लहान गटालाच मिळतो, कारण आठ माणसांचा रस्ता बदलता येतो, चाळिसांचा बदलत नाही. मट्टनचेरीच्या ज्यू टाउनमधल्या परदेसी सिनेगॉगचंही तसंच. ते 1568 मधलं, घड्याळाचा मनोरा 1760 मधला, जमिनीवर हाताने रंगवलेल्या निळ्या चिनी फरश्या. लोक फरश्यांचं कौतुक करून निघतात. एकोणिसाव्या शतकात कोचीच्या ज्यू शिक्षकांनी आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू समाजाला हिब्रू प्रार्थना आणि धर्माचार शिकवले, हे समजलं तर अलिबाग-पेणचा माणूस त्या दारात वेगळ्या नजरेने उभा राहील.

चौथा आक्षेप पैशांचा. लहान गटाची फेरी माणशी महाग पडते, हे मान्य. पण बसची सहल स्वस्त कशी पडते, याचाही हिशेब मांडायला हवा. एका सहलीत आम्हाला मट्टनचेरीच्या राजवाड्यात जेमतेम पंचवीस मिनिटं मिळाली आणि हस्तकलेच्या दुकानात तासाहून अधिक. राजवाडा पोर्तुगीजांनी 1555 च्या सुमारास राजाला बांधून दिला, डचांनी पुढे डागडुजी केली. राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर रामायणाची चित्रं आहेत. एकेका भिंतीसमोर थांबून, कोण कोणाशी लढतोय, कुठून कथा सुरू होते हे समजून घ्यायचं तर पंचवीस मिनिटं एका खोलीलाही पुरत नाहीत. तो दुकानातला तास आमच्याच खिशातून आणि आमच्याच वेळेतून वसूल झाला. गाइडचं पोट त्याच्या ठरलेल्या फीवर भरत असेल तर त्याला आपल्याला दुकानात नेण्याची गरज उरत नाही. हाउसबोटीच्या एका रात्रीसाठी आपण मागेपुढे न पाहता पैसे मोजतो. चार-पाचशे वर्षं वाचून दाखवणाऱ्या माणसाच्या दिवसभराच्या श्रमांचे पैसे देताना मात्र घासाघीस करतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

वयस्कर माणसांना दिवसभर चालणं झेपणार नाही, या शंकेचं उत्तर सोपं आहे. फोर्ट कोची सपाट आहे, मट्टनचेरीपर्यंत रिक्षा मिळते, आणि समजूतदार गाइड सकाळी लवकर निघून दुपारचं ऊन जेवणात व विश्रांतीत काढतो. उतरत्या उन्हात बोटीत बसायचं. वेलिंग्डन बेट तेव्हा समोर दिसतं. 1920 मध्ये आलेल्या रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनियरने बंदराच्या तोंडाशी असलेला वाळूचा दांडा कापला आणि गाळ उपसून त्याचा भराव घातला, त्यातून हे बेट आजच्या आकाराला आलं. ही बोटीतली अर्ध्या तासाची फेरी आजी-आजोबांनाही जमते.

एका आक्षेपापुढे मात्र मला नमतं घ्यावं लागतं. पर्यटकांच्या येण्याने वस्तीचं प्रदर्शन होतं, असं तिथले रहिवासी म्हणतात. ज्यू टाउनमधून बहुतेक ज्यू कुटुंबं इस्रायलला गेली, घरांची दुकानं झाली. धुणं धुणाऱ्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरणं हा अपमान आहे, गट आठ जणांचा असो वा चाळिसांचा. लहान गटाने हा प्रश्न सुटत नाही. इतकंच की लहान गटाला शिस्त लावता येते: परवानगीशिवाय फोटो नाही, देवळाच्या आणि सिनेगॉगच्या नियमांत सूट मागणं नाही, कुणाच्या ओट्यावर गर्दी नाही. हे न पाळणाऱ्या गाइडबरोबर जाऊच नये.

आता माझं म्हणणं एक पाऊल पुढे नेतो. कोचीला पूर्ण दिवस तर द्यावाच, शिवाय तो सहलीच्या सुरुवातीला द्यावा. ठेकडीच्या बागेत वेलदोडा आणि मिरी दाखवतात तेव्हा ती झाडं म्हणून दाखवतात. ज्याने आधी मट्टनचेरीच्या बाजार रोडवरची जुनी गोदामं पाहिली, सुंठ-मिऱ्यांच्या पोत्यांचा वास घेतला, याच मालासाठी अरब, पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या धक्क्यावर आले हे ऐकलं, त्याला डोंगरातली मिरीची वेल पाहून पुढचं सगळं आठवतं. शेवटच्या दिवशी, बॅगा बसच्या पोटात आणि नजर घड्याळावर असताना कोची दाखवणं म्हणजे पुस्तकाचं पहिलं प्रकरण शेवटी वाचायला देणं आहे.

तेव्हा सहलीचे पैसे भरण्याआधी कंपनीला स्पष्ट विचारा: कोचीत गाइड स्थानिक आणि परवानाधारक आहे का, एका गाइडमागे माणसं किती, दुकानात थांबा आहे का आणि असला तर तो टाळता येईल का. वारही बघा. शुक्रवारी राजवाडा बंद असतो, शनिवारी सिनेगॉग बंद असतं, आणि अर्ध्या दिवसाच्या सहली बिनदिक्कत याच दिवशी कोचीत आणून सोडतात. कंपनी ऐकत नसेल तर त्यांच्याकडून मुन्नार-ठेकडीच घ्या आणि कोचीचा दिवस स्वतः जोडा. दोन-तीन कुटुंबं एकत्र आली की आठ जण सहज होतात.