लक्ष्मी बँक आणि नोबेल

२०२२ सालचं अर्थशास्त्राचं नोबेल बेन बर्नान्के, डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या तिघांना मिळालं. त्यातल्या डायमंड-डिबविग यांनी १९८३ साली मांडलेली गोष्ट आमच्या हिवरखेडच्या बाजारातल्या माणसालाही पटेल. ठेव मागताक्षणी परत द्यायला बँक बांधलेली असते. पण तोच पैसा तिने लांब मुदतीच्या कर्जात घातलेला असतो. म्हणून नुसत्या अफवेने सगळे ठेवीदार एकदम दारात आले, तर चांगली बँकही बुडते. ठेवीला विमा असला की धावत सुटायचं कारणच उरत नाही.

बँक बुडाली की काय होतं, हे आपल्या जिल्ह्याने फार आधी पाहिलं. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँकही. त्या धक्क्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा आला. तेव्हा मर्यादा होती १५०० रुपये; २०२० साली ती ५ लाख झाली.

हे छत्र सहकारी बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. आणि खेड्यातला मजूर, पेन्शनर थोड्या जास्त व्याजापायी, ओळखीचा संचालक पाहून पैसा ठेवतो तो पतसंस्थेतच. ज्याला गरज जास्त, तोच उघड्यावर!

माझं म्हणणं सरळ आहे. पतसंस्थेतल्या ठेवींनाही विमा हवा. विम्याच्या भरवशावर संचालक बेफिकीर होऊ नयेत म्हणून तपासणीही कडक हवी. आणि तोवर निदान पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात छापा : ‘या ठेवीला विमा नाही.’