काच खाणारी हवा आणि वस्तीचा हक्क

औद्योगिक वसाहतीत रोज गाडी उभी करणाऱ्याला कधीतरी काचेवर पांढुरके डाग दिसतात. धुतले, पुसले, तरी जात नाहीत. वॉशिंग सेंटरवाला पॉलिश सुचवतो, विमावाला ‘ही झीज आहे’ म्हणून हात वर करतो आणि विषय मिटतो. आमच्या मते तो तिथूनच सुरू व्हायला हवा. अहिल्यानगर जिल्ह्यात नागापूर, सुपा, श्रीरामपूर इथल्या एमआयडीसींच्या आसपास गावे आणि कामगार वस्त्या आहेत. त्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने राहतात.

आधी डाग ओळखावा. बोअरच्या जड पाण्याचे डाग व्हिनेगरने निघतात. कोरला गेलेला डाग निघत नाही, आणि खोल असेल तर नखाला खरखरीत लागतो. गंधकाम्ल किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल लोखंड आणि क्रोम खाते, काचेला सहसा धक्का लावत नाही. काच विरघळवणारे आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक. स्टेनलेस स्टीलच्या पिकलिंगमध्ये, काच दुधी करण्याच्या कामात ते वापरतात. वीटभट्टीत माती तापली की तिच्यातले फ्लोराइड याच वायूच्या रूपाने बाहेर पडते. भट्टीवरच झोपडी बांधून राहणाऱ्या कुटुंबांकडे कुठली आली गाडी! त्यांचे नुकसान कोणत्याच गॅरेजच्या बिलावर येत नाही.

आणखी एक उगम आपल्या अगदी जवळ आहे. अलॉय व्हील चमकवणाऱ्या काही द्रावणांत हेच आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. शिंतोडे काचेवर उडाले तरी डाग पडतात. वॉशिंग सेंटरवरची पोरे ते उघड्या हातांनी वापरतात. सौम्य द्रावणाची जळजळ काही तासांनी सुरू होते, तोवर विष आत मुरलेले असते. ताबडतोब भरपूर पाण्याने धुवावे, दवाखान्यात जाऊन द्रावणाचे नाव सांगावे. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल लावतात. उपासकाने विषाचा व्यापार करू नये असे भगवंतांनी सांगितले. लेबल नसलेला कॅन पोराच्या हाती देणाऱ्या मालकाने त्याचा विचार करावा.

हळू चालणारा धूर बातमी होत नाही, स्फोट होतो. डोंबिवलीत 26 मे 2016 ला प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, 12 जण गेले. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथला रस्ता रसायनाने गुलाबी झाला, तेव्हा मुख्यमंत्री पाहायला आले. 23 मे 2024 ला अमुदान कंपनीत पुन्हा स्फोट. प्रत्येक वेळी स्थलांतराची चर्चा झाली. या घटनांच्या मधल्या वर्षांत शेजारी राहणाऱ्यांनी काय श्वासात घेतले, याची चर्चा झाली नाही.

आठवड्याचे काम 48 तासांवर आणणारी 1946 ची कारखाने कायद्यातली दुरुस्ती बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळातली. पुढे 1948 चा कायदा आला आणि भोपाळनंतर 1987 मध्ये त्यात 41-ब हे कलम घातले गेले. धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्याने धोक्यांची माहिती कामगारांना आणि शेजारच्या जनतेलाही द्यावी, अशी सक्ती त्यात होती. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. म्हणजे कारखान्यात कोणते विष आहे हे विचारणे म्हणजे आगाऊपणा नव्हे.

भरपाईचा रस्ता अवघड आहे. 1991 च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, पण तो अपघातासाठी. मूळ कायद्यात मालमत्तेच्या नुकसानीला दिलासा होता जास्तीत जास्त 6000 रुपये! राष्ट्रीय हरित लवादाच्या 2010 च्या कायद्यात मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई मागता येते, मुदत पाच वर्षे, आणि खंडपीठ पुण्यात आहे.

तिथे पुरावा लागतो, म्हणून पॉलिशची घाई नको. सेरियम ऑक्साइडने हलका डाग जातो, पण त्याबरोबर पुरावाही जातो. समोरच्या काचेवर खोल घासले तर रात्री समोरच्या दिव्यांचा प्रकाश फाकतो. ती काच बदललेलीच बरी. आधी तारखेसह फोटो काढा, वाऱ्याची दिशा लिहा, काढलेली काच जपून ठेवा. वस्तीतल्या घरांच्या खिडक्यांच्या काचाही त्याच नजरेने तपासा. मग पाच-दहा घरांनी मिळून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहिल्यानगर कार्यालयात एकच लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि तिची प्रत ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्या.