रंगीत कापड आणि मुलीचा हट्ट

मासवणच्या एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, "मुलगी बारावी झाली, शिवणक्लास केला. आता कपड्यांचे डिझाइन शिकायचे म्हणते. घरचे म्हणतात, ते श्रीमंतांचे काम, हिला बोईसरला कंपनीत लावा. काय करावे?"

ताई, मुलीला वेंडेल रॉड्रिक्स यांची हकीकत सांगा. हे मूळचे गोव्याचे, जन्म १९६० चा, मुंबईतला. आधी केटरिंग शिकले. १९८२ साली मस्कतला पोलीस अधिकाऱ्यांच्या क्लबात नोकरीला लागले. पगारातून पैसा साठवला आणि त्याच पैशावर लॉस एंजेलिस व पॅरिसला जाऊन कपड्यांची विद्या घेतली. १९८९ मध्ये मुंबईत स्वतःच्या नावाने कपडे आणले आणि १९९३ मध्ये गोव्यातील कोलवाळ गावी राहायला गेले.

त्या काळी महाग कपडा म्हणजे जर आणि भरतकाम. यांनी सुती, सैल, हलके कपडे काढले. समुद्रकाठी सुट्टीत घालायच्या अशा कपड्यांना 'रिसॉर्ट वेअर' म्हणतात. आपल्या दमट हवेत अंगाला काय सोसते, हे ज्याला कळते त्यालाच ते जमते.

पुढे त्यांनी गोव्यातील कुणबी साडी हाती घेतली. लाल चौकडीची, आखूड, खांद्यावर गाठ मारून नेसायची, शेतात राबणाऱ्या बायांची ही साडी. ती विणणे जवळजवळ बंद पडले होते. त्यांनी ती पुन्हा विणून घेतली, शहरातील बायकांना नेसता यावी म्हणून लांब केली आणि दिल्लीच्या फॅशन वीकमध्ये आणली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये कोलवाळलाच ते गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले होते की, जात ओळखू येईल असे लुगडे नेसणे सोडा. दुसऱ्याने लादलेला कपडा आणि आपण निवडलेला कपडा, यात हाच फरक आहे. आपल्या आज्यांनी आपले लुगडे आपणच ठरवले. मग नातीने कपडा रचायला शिकले तर बिघडले कुठे?

मात्र हौसेबरोबर हिशेबही हवा. जवळच्या आय. टी. आय. मध्ये शिवणकामाच्या कोर्सची चौकशी करा. घरखर्चाची ओढ असेल तर नोकरी करू द्या, पण पगारातून शिक्षणाचे पैसे वेगळे ठेवा. रॉड्रिक्स यांनीही तेच केले. तोवर तिने एकच झबले किंवा कुर्ता दहा वेळा शिवावा आणि कापड, धागा, वेळ वहीत मांडावा. भाव कसा ठरवायचा, हे ती वहीच तिला शिकवील.

कंपनीचा दरवाजा उद्याही उघडा असेल. मुलीचा हट्ट मात्र एकदा विझला की पुन्हा पेटत नाही, ताई.