सागरतीरीची सायकलवाट

प्रवास करणे आणि मुक्कामी पोहोचणे या दोन गोष्टी आपण बहुधा एकच समजतो. ज्याला तातडीचे काम आहे, त्याने जलद वाहनाने जावे, हे योग्यच आहे. परंतु ज्याला एखादा प्रदेश जाणून घ्यावयाचा आहे, त्याने आपली गती त्या प्रदेशाला साजेल अशी ठेवली पाहिजे. आपल्या कोकणच्या किनाऱ्यापुरते बोलावयाचे, तर ती गती सायकलची आहे असे माझे मत आहे. म्हणूनच या किनाऱ्यावरचा रस्ता रुंद करण्याच्या व खाड्यांवर पूल बांधण्याच्या योजना पुढे येत असताना, त्या रस्त्यावर सायकलीला तिच्या हक्काची जागा मिळाली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणतो.

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून गोव्याच्या सीमेजवळील रेडीपर्यंत किनाऱ्याला धरून जाणारा हा मार्ग सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा आहे. समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असा नकाशा पाहणाऱ्याचा समज होतो. प्रत्यक्षात मात्र येथे सपाटी थोडी आणि चढउतारच फार! वाळूचा किनारा मागे पडतो न पडतो, तोच रस्ता डोंगर चढू लागतो. माथ्यावर क्षणभर विसावतो आणि पुन्हा वळणे घेत एखाद्या खाडीच्या काठी येऊन उभा राहतो.

असे का होते, याचे उत्तर भूमीच्या इतिहासात आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन येथे काळा कातळ तयार झाला. पुढे उष्ण हवा आणि मुसळधार पाऊस यांमुळे त्या कातळातील काही द्रव्ये झिरपून गेली, लोहयुक्त भाग मागे राहिला आणि तांबडा जांभा दगड बनला. या जांभ्याची उंच पठारे म्हणजेच कोकणातले सडे. सह्याद्रीवरून धावत आलेल्या नद्यांनी हे सडे चिरले. कालांतराने समुद्राची पातळी वाढली, तेव्हा नद्यांच्या मुखांत खारे पाणी शिरले आणि खाड्या निर्माण झाल्या. तेव्हा प्रत्येक सडा म्हणजे एक चढ आणि प्रत्येक खाडी म्हणजे एक उतार. मोटारीत बसणाऱ्याला हा इतिहास वाचून कळतो. सायकलस्वाराला तो आपल्या पायांनी कळतो.

उदाहरणादाखल रत्नागिरी जिल्ह्यातील हर्णैपासून खुद्द रत्नागिरीपर्यंतचा भाग घेऊ. हर्णैच्या समोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. २०२५ साली ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांपैकी हा एक. किनाऱ्यावर होड्या लागतात आणि मासळीचा लिलाव सुरू होतो. तेथून मुरुड, कर्दे, लाडघर ही नारळी-पोफळींच्या सावलीतील गावे ओलांडली की दाभोळला वाशिष्ठी नदीची विस्तीर्ण खाडी आडवी येते. सायकल फेरीबोटीत चढवावयाची आणि पलीकडे धोपाव्याला उतरावयाचे. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. मग तवसाळला शास्त्री नदीची खाडी. तिच्या पैलतीरी जयगडचा किल्ला. त्यानंतर गणपतीपुळे, आणि शेवटी आरे-वारे येथील तो कड्यावरचा रस्ता, जेथे एका बाजूस डोंगर आणि दुसऱ्या बाजूस खाली पसरलेला अथांग सागर दिसतो.

एवढे चढ सायकलीने कसे चढावयाचे, अशी शंका तुमच्या मनात येईल. त्यासाठी सायकलीला लहानमोठी दातेरी चक्रे जोडलेली असतात. पुढच्या चक्राला ४४ दाते व मागच्याला २२ असतील, तर पायडल एकदा फिरवले की चाक दोनदा फिरते. हीच संख्या पुढे २८ व मागे २८ केली, तर चाक एकदाच फिरते. अंतर निम्मे कापले जाते, पण पायाला जोरही निम्माच लावावा लागतो. जो बळाची काटकसर करू इच्छितो, त्याने वेळ देण्यास तयार असावे, हा या चक्रांचा नियम आहे. चढावर घाई करणारा धापा टाकीत खाली उतरतो. सावकाश जाणारा माथ्यावर पोहोचतो.

आणि सावकाश जाणाऱ्याला काय दिसत नाही? माघ-फाल्गुनात आंब्याचा मोहर दिसण्याआधी त्याचा गंध येतो. वळणापलीकडे गाव आहे, हे सुकत घातलेल्या मासळीच्या वासावरून कळते. खाडीकाठच्या कांदळवनातील पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो. मोटारीतून उजाड भासणारा सडासुद्धा सायकलस्वाराशी बोलू लागतो. रत्नागिरीच्या परिसरातील अशाच सड्यांवर प्राचीन मानवाने प्राणी, मासे आणि माणसे यांच्या आकृती कोरून ठेवल्या आहेत. ही कातळशिल्पे २०२२ साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. घाईने जाणाऱ्यांना तेथे केवळ खडक दिसत होता. थांबून पाहणाऱ्यांना त्यात आपले पूर्वज भेटले.

यावर कोणी म्हणेल, ‘हे सारे हौशी प्रवाशाचे कौतुक झाले. अवघड वाट पाहुण्याला रम्य वाटते. तेथे राहणाऱ्याला विचारा!’ हा आक्षेप खरा आहे, आणि तो मनावर घेतला पाहिजे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच मुरुड गावी गेले. परीक्षेला बसण्यासाठी ते तेथून घाट चढून सातारला पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षकांनी त्यांना बसू दिले नाही. त्या बालकाला वाट सोपी असती तर ती नकोशी वाटली असती काय? आजही पावसाळी वादळात फेरीबोट थांबली की पलीकडच्या गावाला जाण्यासाठी मोठा वळसा घ्यावा लागतो. रुग्णाला दवाखान्यात नेणाऱ्याला खाडीचे सौंदर्य सांगणे क्रूरपणाचे होईल. म्हणून पूल व्हावेत, रस्ते चांगले व्हावेत, याविषयी माझ्या मनात संदेह नाही.

प्रश्न एवढाच आहे की, ते कोणासाठी व्हावेत? रस्ता रुंद झाला म्हणजे वाहनांचा वेग वाढतो. वेग वाढला म्हणजे कडेने जाणाऱ्याचा जीव मुठीत येतो. हौशी प्रवासी वर्षातून चार दिवस येतो आणि जातो. परंतु दप्तर अडकवून शाळेला निघालेली मुले, भाजी घेऊन बाजाराला जाणारा शेतकरी, पहाटे बंदर गाठणारा कामकरी यांची सायकल त्या रस्त्यावर रोजच असते. त्यांच्या मनात भीती शिरली, तर मुलांच्या सायकली घरच्या पडवीत गंजत पडतील. ज्या रस्त्याने दूरचे लोक जवळ आले, त्याच रस्त्याने जवळची शाळा दूर गेली, असे म्हणण्याची पाळी आपल्यावर येऊ नये.

याला उपाय अवघड नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांना दीड-दोन मीटरांची पट्टी सायकलींसाठी राखावी आणि वाहनांपासून ती कठड्याने अलग करावी. प्रत्येक नव्या पुलावर पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी सुरक्षित वाट असावी; पूल बांधून झाल्यावर ती जोडणे कठीण, आराखड्यातच ती आखणे सोपे. गावातून जाणारे जुने, सावलीचे रस्ते मोडू नयेत. मोठी वाहने बाहेरून जावीत आणि ते सायकलींना मोकळे राहावेत. ज्या रस्त्यावर बारा वर्षांचे मूल निर्भयपणे सायकल चालवू शकते, तो रस्ता सर्वांसाठी चांगला, अशी कसोटी लावण्यास काय हरकत आहे?

ही मागणी करण्याचा अधिकार सायकल चालवणाऱ्यालाच अधिक शोभतो. १९२३ साली मुंबईहून काही तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि त्यांपैकी तिघांनी १९२८ मध्ये ती पूर्ण केली. तुम्हांला एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. पावसाळा सरल्यावर, घरच्या वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, आपल्या गावापासून शेजारच्या गावापर्यंत जा. उतारावर दोन्ही ब्रेक बेताने दाबा, वळणावर डावी बाजू सोडू नका, आणि चढ आला म्हणून खिन्न होऊ नका. चढाच्या माथ्यावरून जो समुद्र दिसतो, तो तुम्ही श्रमाने मिळवलेला असतो. आणि जे श्रमाने मिळवले, ते जपावे असे माणसाला आपोआप वाटू लागते. आपला किनारा जपणारी माणसे घडवावयाची असतील, तर त्याच्या काठाने सायकलीची वाट राहिलीच पाहिजे.