बिल्ड फसला? आधी लॉग वाचा!

कॉलेज शेगावचं असो, चिखलीचं की बुलढाण्याचं, प्रोजेक्ट सबमिशनच्या आठवड्यात एक वाक्य हमखास कानावर येतं, 'अरे, माझ्या लॅपटॉपवर तर चालत होतं!' कोड पुश केला, पाइपलाइन सुरू झाली आणि कंटेनरचा बिल्ड फेल. मग आपण काय करतो? 'री-रन' दाबतो. तरी जमलं नाही, तर लॉगची शेवटची ओळ एआयला चिकटवतो आणि तो म्हणेल ते बदलत सुटतो. दुखणं म्हशीला, औषध पखालीला!

शेवटची ओळ बहुतेकदा 'काम फसलं' एवढंच सांगते. कारण हवं असेल तर वर जा, पहिली एरर शोधा. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल अक्षर विंडोजवर खपून जातं, कंटेनरमधल्या लिनक्सवर नाही. 'एक्झिट कोड १३७' दिसला, तर बहुधा मेमरी कमी पडली. उगाच कोड खोडू नका. बेस इमेजला 'लेटेस्ट' टॅग असेल, तर काल पास झालेला बिल्ड आज कोडला हात न लावताही पडू शकतो. तिथे व्हर्जनचा नेमका आकडा लिहा.

कधी तर चूक तुमची नसतेच. नोव्हेंबर २०२० मध्ये 'डॉकर हब'ने लॉगिन न करता इमेज डाउनलोड करणाऱ्यांवर एका आयपी पत्त्यामागे सहा तासांत १०० वेळांची मर्यादा आणली. लॅबमधल्याच मशीनवर बिल्ड चालत असतील आणि सगळ्यांचं इंटरनेट एकाच पत्त्यावरून जात असेल, तर अशी मर्यादा संपायला कितीसा वेळ लागतो? लॉगमध्ये 'टू मेनी रिक्वेस्ट्स' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. वाचणाऱ्याचं काम लॉगिन करून मार्गी लागतं, न वाचणारा रात्रभर कोड उकरत बसतो.

आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मात्र सगळे स्क्रीनशॉट हिरवेगार! माझं म्हणणं आहे, त्यात एक पान फसलेल्या बिल्डचं हवं. पहिली एरर कोणती होती, कारण कसं सापडलं, काय बदललं. व्हायवात त्यावर प्रश्न विचारा, गुण द्या. हिरवी टिक मित्राचा रेपो कॉपी करूनही मिळते. कारण कसं शोधलं, हे सांगताना कॉपी उघडी पडते.

पुण्यातल्या मुलांना मीटअप आहेत, शेजारी बसलेले सीनियर आहेत. आपल्याकडे ते कमी आहेत, मान्य. पण लॉग तिथेही तोच आणि इथेही तोच. पुढचा बिल्ड पडला, की 'री-रन'आधी पाच मिनिटं तो वाचा. आणि हो, डिलीट करू नका. इंटरव्ह्यूमध्ये 'कुठे अडलात?' असं विचारलं, तर सांगायला काहीतरी खरं असेल.