कार कंपनीत कामाला आहात, मग गाडीही त्याच कंपनीची घ्यायला हवी का?

चाकूर, अहमदपूर, उदगीर, लोहा. लातूर-नांदेड पट्ट्यातल्या या गावांमधून आयटीआय किंवा डिप्लोमा केलेली अनेक मुलं पुण्याकडे वाहन कारखान्यांत कामाला जातात. चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि बजाज आहेत, पिंपरीत टाटा मोटर्स आहे. मग गावाकडे कुणाला गाडी घ्यायची असली की शोरूमच्या आधी फोन जातो तो कारखान्यातल्या भाच्याला किंवा पुतण्याला. "तुमच्या कंपनीची घ्यावी का रे?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "तू स्वतः कोणती वापरतोस?"

हा दुसरा प्रश्न साधा वाटतो. पण वाहन उद्योगात त्यावरून बरंच राजकारण झालं आहे.

फोर्डच्या पार्किंगमध्ये काय झालं होतं?

जानेवारी २००६ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतले १४ कारखाने बंद करण्याची आणि ३० हजारांपर्यंत नोकऱ्या कमी करण्याची योजना जाहीर केली. त्याच सुमारास डिअरबॉर्नच्या ट्रक कारखान्यात एक नियम आला. कारखान्याजवळच्या पार्किंगमध्ये फक्त फोर्ड आणि तिच्या समूहातल्या कंपन्यांच्या गाड्या लावता येतील. बाकीच्यांनी गाडी रस्त्यापलीकडे लावायची आणि चालत यायचं.

कंपनीचं म्हणणं होतं, आपण बनवलेल्या मालावर आपलाच विश्वास दिसला पाहिजे. हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. रोज तीच गाडी चालवणाऱ्या माणसाला तिचा खडखडाट आधी ऐकू येतो. शिवाय गाडी खपली तरच नोकरी टिकते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण सक्तीत आहे. पुतण्याने स्वखुशीने आपल्या कंपनीची गाडी घेतली, तर काकांसाठी ती शोरूममधल्या जाहिरातीपेक्षा मोठी साक्ष असते. पण पार्किंग मिळावं किंवा साहेबांची नाराजी नको म्हणून घेतली असेल, तर त्या साक्षीला काय किंमत? सक्ती केली की कंपनी एक गाडी विकते, पण सगळ्यात विश्वासू जाहिरात गमावते.

उलट, कामगार दुसऱ्याची गाडी घेत असतील तर त्याचं कारण विचारण्यासारखं असतं. किंमत जास्त आहे का, सर्व्हिस सेंटर लांब आहे का, की आतल्या माणसाला काही दोष माहीत आहे? नियम लावला की ही उत्तरं कानावर येणंच बंद होतं.

पगाराचं काय?

हेन्री फोर्डने १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली. कामगारांना स्वतः बनवलेली 'मॉडेल टी' घेता यावी म्हणून ही वाढ दिली, असं सांगितलं जातं. खरं मोठं कारण वेगळं होतं. लोक काम सोडून जात होते. सुमारे १४ हजारांचं मनुष्यबळ टिकवण्यासाठी १९१३ मध्ये कंपनीला ५० हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली होती. आणि त्या ५ डॉलरमधला मोठा हिस्सा अटींवर मिळायचा. कामगार घरी कसा राहतो, दारू पितो का, हे पाहायला कंपनीची माणसं घरी जात. म्हणजे नोकरीच्या जोरावर घरात डोकावण्याची सवय पार्किंगच्या नियमापेक्षा फार जुनी आहे.

भारतात १९३६ च्या वेतन कायद्यापासून एक तत्त्व आहे, जे २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे: कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय पगारातून कपात करता येत नाही. एकदा हातात आलेला पगार कामगाराचा.

आणि चाकणला मर्सिडीज जोडणाऱ्याने मर्सिडीजच चालवावी, असं कुणी म्हणत नाही. कंत्राटी कामगाराचं नाव तर ठेकेदाराच्या पटावर असतं. ज्याला 'आपली कंपनी' म्हणायचीच सोय नाही, त्याच्याकडून आपलेपणा कसा मागणार?

मग नियम कुणाला लागू करावा?

वरून सुरुवात करणं रास्त ठरेल. गाडीची किंमत, डिझाइन आणि सर्व्हिस ठरवणाऱ्यांनी तीच गाडी रोज वापरावी, कारण दोष दिसला तर तो दुरुस्त करण्याचा अधिकार त्यांच्याकडे आहे. लाइनवरच्या कामगाराला सवलत द्यावी, चाचणीसाठी गाडी द्यावी, पण निवड त्याच्यावर सोडावी.

तरच चाकूरहून फोन आल्यावर त्याला खरं उत्तर देता येईल.